विश्वामित्रीची खोली : बाळाच्या आगमनापूर्वीच्या कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

थोरल्या लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे बडोद्यालाच व्हावे असे दोन्ही घरच्यांनी ठरवले असून, डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या मध्याची तारीख दिली आहे. बाळबाळंतिणीसाठी करेलीबागेतील आमच्या घराची तळमजल्यावरची मागली खोली पक्की केली. वरच्या मजल्यावर हवा अधिक चांगली आहे, परंतु ओल्या बाळंतिणीला जिना चढावा लागू नये आणि न्हाणीघर शेजारी असावे, या दोन गोष्टींपुढे हवेचा मुद्दा मागे पडला.

याच खोलीत ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शिरली होती. नदीची धोक्याची पातळी २५ फुटांची, आणि त्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. आमच्या मागल्या खोलीत ते खिडकीच्या कठड्यापर्यंत चढून राहिले. पूर ओसरल्यावर एका कंत्राटदाराने घाईघाईने सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक रंग देऊन भिंत झाकून टाकली. आज हात फिरवून पाहिला तेव्हा कठड्याखालचा सगळा रंग फुगलेला आढळला, आणि एक पोपडा नखाने उचलताच आतून पांढरी, मिठासारखी भुकटी तळहातावर आली. हा लोणा आहे. विटांत मुरलेल्या पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि वरच्या रंगाला ढकलून सोडवतात. अशा भिंतीवर चित्रे काढणे म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही पाण्यात घालणे. तेव्हा सजावटीची चर्चा आधी भिंतीपासूनच सुरू करावी, असे मी घरात सांगून टाकले.

११ ऑक्टोबर

पुराच्या रेषेच्या वर एक हातभर उंचीपर्यंत सगळा गिलावा विटेपर्यंत सोलून काढला. सांध्यांतला भुसभुशीत मालही खरवडला. क्षार पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा विटेतच जातात, म्हणून भिंत कोरड्या, ताठ ब्रशने झाडायची आणि पडलेली भुकटी लगोलग उचलून घराबाहेर टाकायची, असा नियम ठेवला.

कारागीर दाहोदकडचे आहेत आणि ते आता दिवाळीला गावी जातील. एरवी मला ही सुट्टी खटकली असती. या खेपेस मात्र उघड्या विटांना खिडक्या सताड उघड्या ठेवून कोरड्या वाऱ्यात वाळायला आयताच अवधी मिळतो आहे.

१९ ऑक्टोबर

खोलीची कल्पना काय असावी यावर आज पुण्याला थोरली आणि जावईबापूंशी बराच वेळ बोलणे झाले. जावईबापूंनी बाजारात तयार मिळणाऱ्या स्टिकरांची छायाचित्रे पाठवली होती. त्यांत जिराफ, पांडा, ढगांत झोपलेला चंद्र आणि फिकट राखाडी रंगाची भिंत होती. त्यांत वाईट काही नाही, पण ती खोली कुठल्याही शहरातली असू शकली असती. धाकटी येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकते. तिने एकच शब्द मध्ये ठेवला, “मगर.” थोरली फोनवर खळखळून हसली आणि निर्णय जवळजवळ तिथेच झाला. वड, नदी, बगळे, कासवे आणि मगरी, म्हणजे कमाटीबागेच्या पुलावरून आम्ही दोघींना लहानपणी जे दाखवत आलो, तेच या खोलीत यावे.

माझ्या आईला हे अजिबात रुचले नाही. तिचे वय ८४. त्या पुरात तिला वरच्या मजल्यावर दोन दिवस अंधारात काढावे लागले होते. “अरे, जी नदी न विचारता घरात शिरली, तिलाच तू पाट मांडून बसवणार का?” असे ती म्हणाली. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु नदी येथून जायची नाही आणि आम्हीही जायचे नाही, तेव्हा या घरात येणाऱ्या मुलाने तिला आधी चित्रात ओळखलेले बरे, असे मला वाटते. पुरात वस्तीत शिरलेल्या मगरी वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी पकडून पुन्हा पाण्यात सोडल्या होत्या, हे आईनेच टीव्हीवर पाहून आम्हाला सांगितले होते. याची आठवण मी करून दिली नाही.

शेजाऱ्यांनी पिठोरा शैलीची सूचना केली. छोटाउदेपूरच्या राठवा आदिवासींची ही चित्रे सुंदर असतात यात शंका नाही. पण पिठोरा हा नवस फेडण्याचा विधी आहे. बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याच्या, देखरेखीखाली लखारे, म्हणजे चित्रकार, तो भिंतीवर ‘लिहितात’, आणि त्यातले घोडे म्हणजे देव असतात. हौसेखातर खोली सजवायला ते उसने घेणे धाकटीला पटले नाही, मलाही नाही.

२ नोव्हेंबर

विटा बऱ्याच वाळल्या आहेत. कोपऱ्यात थोडा लोणा पुन्हा आला होता, तो झाडला.

नवा गिलावा चुन्याचाच करायचा, हे मी सुरुवातीपासून मनात धरले होते. सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग भिंतीचा श्वास कोंडतात. चुना मात्र आतला ओलावा बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या दाहकतेमुळे बुरशीही सहजी धरत नाही. कळीचा चुना आणून मागच्या अंगणात पिंपात विरवला. पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. पिंप खदखदून उकळू लागते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून कारागिरांना चष्मे घालायला लावले. चुना पाण्याखाली मुरू दिला आहे.

गवंड्याला चुन्याचे काम येत होते, पण गेली कित्येक वर्षे कोणी करवून घेतले नव्हते. त्याच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले काम पुन्हा करायला मिळते म्हणून स्वारी खुशीत होती.

९ नोव्हेंबर

दरवाजा आणि खिडक्यांच्या चौकटी सागाच्या आहेत आणि त्यांवर जुन्या ऑइल पेंटचे थरावर थर बसलेले आहेत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ठरवणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आमच्या चौकटींवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ खोलीभर बसते. रांगते मूल हात तोंडात घालते, आणि गर्भवतीलाही ती धूळ घातकच असते. म्हणून घासकाम रद्द केले. जिथे रंग सुटला होता तेवढाच भाग पाणी मारून, ओला ठेवून, खाली प्लॅस्टिक अंथरून काढला. बाकीच्या चौकटीवर नव्या, शिसे नसल्याचा स्पष्ट उल्लेख असलेल्या पाण्यावर आधारित रंगाचे दोन हात दिले. हे काम लेक येण्याच्या महिनाभर आधी उरकले, हे महत्त्वाचे.

दाराच्या डाव्या चौकटीवर पुराचे पाणी कुठवर आले होते, ती खूण मी पेन्सिलीने तेव्हाच करून ठेवली होती. रंगाऱ्याने विचारले, झाकू का? नको म्हटले. मुलाची उंची मोजायला त्याच चौकटीवर रेघा पडतील, तेव्हा तुलनेला ती असू दे.

१६ नोव्हेंबर

चुना, वाळू आणि सुरखी यांचा गिलावा पूर्ण झाला. विटांचा बारीक भुगा, म्हणजे सुरखी, मिसळल्याने चुना ओलसर जागीही धरतो. भिंतीवर दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा मारतो आहोत, कारण चुना नुसता वाळून चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडक व्हायला हवा, आणि त्यासाठी थोडा ओलावा लागतो.

२३ नोव्हेंबर

आज धाकटी आणि मी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहून आलो. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा चार मजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि त्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत. बडोद्यात जन्म काढलेल्या मराठी माणसांनीसुद्धा तो पाहिलेला नसतो, हे मला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे. धाकटीला शैली उचलायची नव्हती. भिंतीवरचे चित्र दारे, कोनाडे आणि तुळया यांच्याशी कसे जुळवून घेते, एवढेच पाहायचे होते. तिने वहीत आकृत्या न काढता नुसती उंचीची मापे लिहून घेतली. जमिनीवर बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय येते आणि उभ्या माणसाला काय दिसते, हा हिशेब तिला हवा होता.

परत येताना कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांचे गंगावतरणाचे भित्तिचित्रही डोळ्यांखालून घातले. नदी वरून खाली येते, एवढी साधी गोष्ट भिंतीवर मांडायला किती जागा लागते, हे तिथे कळते.

३० नोव्हेंबर

चुन्याचे हात सुरू केले. निवळ, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, पातळ ठेवून, एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा. जाड थर लवकर भरतो, पण त्याला तडे जाऊन तो हाताला लागतो. पहिल्या हातानंतर भिंत जवळजवळ पारदर्शक दिसते आणि घरातले सगळे निराश होतात. वाळता वाळता पांढरेपणा आपोआप चढतो.

रंगांची निवड चुन्यानेच ठरवून टाकली. चुन्यात वाटेल तो रंग टिकत नाही, त्याच्या दाहकतेपुढे बरेच रंग उडून जातात. मातीचे रंग टिकतात, म्हणून गेरू आणि पिवळी माती घेतली, काळ्यासाठी काजळ आणि निळ्यासाठी कपड्यांची नीळ. वडाच्या पानांसाठी नीळ आणि पिवळी माती एकत्र करून जो मंद, धुळकट हिरवा निघाला, तो उन्हाळ्यातल्या वडाचाच रंग आहे. दुकानातल्या छटांच्या पुस्तकात तो आम्हाला सापडला नसता.

१४ डिसेंबर

आज डोहाळजेवण झाले. पौष लागण्याआधी उरकावे असा आईचा आग्रह होता आणि गुजराती शेजारणींच्या हिशेबातही कमूरता, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य महिना, लागण्यापूर्वीचा हाच मुहूर्त बसत होता. सौभाग्यवतीने नावेतले डोहाळजेवण मांडले. पुठ्ठ्याची नाव, त्यात हिरव्या साडीतली लेक, आणि नावेपुढे धाकटीने बनवलेली कापडी मगर. ओटी भरायला आलेल्या बायकांत मगरीवरून चांगलीच चर्चा रंगली. लेकीला खोली दाखवली. चुन्याला काही वास येत नाही, हे तिने आधी नमूद केले. गेले काही महिने तिला कुठल्याही वासाने मळमळत होते.

२१ डिसेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण खोलीचा सगळा आराखडा आज उलटला.

धाकटीने समोरच्या मोठ्या भिंतीवर, दारातून आत येताच दिसेल अशा बेताने, पुरा नदीकाठ कोळशाने आखला होता. पाहुण्यांना तो दारातच आवडला असता. थोरली आत आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि सावकाश, कमरेला हात देत, जिथे पाळणा यायचा आहे तिथे चटईवर उताणी पडली. तिथून तिने विचारले, “बाबा, मला नदी कुठे दिसते?” दिसत नव्हती. आम्ही दोघेही आळीपाळीने तिच्या शेजारी पडून पाहिले. पाठीवर पडलेल्या माणसाला पांढरे छत, पंख्याची पाती, ट्यूबलाइट आणि भिंतीचा अगदी वरचा हातभर पट्टा एवढेच दिसते. ज्याच्यासाठी खोली करायची त्याला पहिले चार-पाच महिने याखेरीज काहीच दिसणार नव्हते.

त्यातही, नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचेच नीट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितक्या अंतरावर असतो तेवढेच. रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक त्याला आधी कळतो. रंगांची जाण हळूहळू, पुढच्या काही महिन्यांत येते. मग प्रत्येक वयाची उंची वेगळी धरून आराखडा नव्याने केला. पाळण्यावर, हाताच्या अंतरावर, काळे-पांढरे. छतावर वड, तोही खालून पाहिल्यासारखा : फांद्या मध्यातून चारी दिशांना गेलेल्या आणि कोपऱ्यांत पारंब्या भिंतीवर उतरलेल्या. पाणी मात्र भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांच्या पट्ट्यात, कारण बाळ रांगू लागेल तेव्हा त्याचे डोळे तिथेच असतील. मधली भिंत, म्हणजे आम्हा मोठ्यांच्या डोळ्यांसमोरची, जवळजवळ कोरी.

समोरच्या भिंतीवरचा कोळशाचा नदीकाठ कापडाने झटकला आणि त्यावर चुन्याचा एक हात मारला. धाकटीला वाईट वाटले असणार, पण बोलली नाही. तिने छताची मापे घ्यायला लगेच शिडी मागवली.

२८ डिसेंबर

छत. मान दुखते. वडाचे खोड कुठेच काढलेले नाही, कारण झाडाखाली पडून पाहणाऱ्याला खोड दिसत नाही. पंखा बरोबर मध्ये आल्याने त्याच्या पात्यांनाही पानांचाच रंग दिला. पंखा बंद असला की तो फांद्यांत हरवतो.

४ जानेवारी २०२६

आज मगर काढली.

विश्वामित्रीतल्या मगरीचा जबडा रुंद, बोथट असतो. आजच्या सगळ्या मगरींत या जातीचे मुस्कट सर्वांत रुंद. तोंड मिटलेले असतानाही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेरून दिसतो, आणि तो दिसला नाही तर चित्र मगरीचे न वाटता सरड्याचे वाटते. पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा धाकटीने गेरूत थोडे काजळ मिसळून, ब्रशचे केस कापून आखूड केलेल्या टोकाने, एकेक टेकवत काढल्या. मी बाजूला बसून तिला रंग ढवळून देत होतो, कारण चुन्यातली माती सारखी तळाला बसते आणि ढवळले नाही तर पहिला खवला फिका आणि शेवटचा काळाकुट्ट येतो.

मादी काठावर खड्डा करून त्यात अंडी घालते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. हेच चित्र घ्यायचे ठरले होते. आईने ते पाहून कपाळाला हात लावला. “तोंडात पिल्लू? खाते आहे की काय ती?” समजावून सांगितल्यावर तिने चष्मा लावून पुन्हा निरखले आणि दात जरा कमी करायला सांगितले. दात तेवढेच राहिले, पण जबड्यातल्या पिल्लाचा डोळा धाकटीने उघडा, टक्क पाहणारा केला, त्यावर तडजोड झाली. पिल्ले खऱ्या मापाची, सुमारे ३० सेंटीमीटरांची काढली आहेत. आमचे बाळ जन्मतःच त्यांच्यापेक्षा लांब असेल, हे ऐकून थोरलीला बरे वाटले.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळे गच्चीवर, काम बंद. मांजामुळे जखमी झालेला एक बगळा शेजारच्यांच्या अंगणात पडला होता, तो पक्षी वाचवणाऱ्या मुलांनी येऊन नेला. आमच्या भिंतीवरचा बगळा अजून व्हायचा आहे.

१८ जानेवारी

पाळण्याचा प्रश्न. घरचा सागवानी पाळणा माळ्यावर आहे. मी त्यात वाढलो, दोन्ही मुली वाढल्या. त्याच्या कठड्याच्या दांड्यांत जेमतेम पाच सेंटीमीटरांचे अंतर भरले. सहा सेंटीमीटरांच्या वर असते तर बाळाचे अंग घसरून डोके अडकण्याचा धोका राहिला असता. पण बाळ घरी येण्याआधी पाळणा खाली काढायचा नाही आणि रिकामा तर मुळीच हलवायचा नाही, हे आईचे ठाम मत आहे. मापे माळ्यावर बसूनच घेतली. छतातल्या कडीला गव्हाची पोती टांगून भार तपासला, पाळणा टांगला नाही.

राईच्या उशीवरून मात्र वाद झाला. डोके गोल व्हावे म्हणून ती हवीच असे आई आणि सौभाग्यवती दोघींचे म्हणणे होते. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की गादी सपाट आणि घट्ट असावी, बाळाला पाठीवर निजवावे, आणि उशी, सैल गोधडी, मऊ कठडा-गादी, खेळणी यांपैकी काहीही पाळण्यात नसावे, कारण नाका-तोंडावर काही आले तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. शेजारणीने देऊ केलेले कापडी घोडिये, म्हणजे झोळीचा पाळणा, हेही त्याच कारणाने नम्रपणे परत केले. त्यात बाळाची पाठ सपाट राहत नाही. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आता चटईवर, बाळ जागे असताना अंथरण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि राईची उशी कपाटात गेली. ती तिथेच राहील याची मला खात्री नाही.

चिमणाळे, म्हणजे पाळण्यावर टांगायचे खेळणे, मात्र सर्वांना मान्य. संखेड्याच्या खराद्यांकडून लाकडी मासे कातून आणले. तेथील लाखेच्या रंगाचे सोनेरी-तांबडे काम प्रसिद्ध आहे, पण आम्ही ते नको म्हणून कोरेच मागितले, यावर कारागिराने दोनदा विचारून खात्री केली. धाकटीने माशांच्या पोटावर, म्हणजे खालून दिसणाऱ्या बाजूवर, काळे-पांढरे पट्टे काढले. दुकानांतल्या झुंबरांत प्राण्यांची तोंडे उभ्या माणसाकडे असतात आणि बाळाला फक्त त्यांचे तळवे दिसतात. मूल हातापायांवर उठू लागले की चिमणाळे काढून ठेवायचे आहे, दोऱ्या गळ्यात अडकू नयेत म्हणून.

२५ जानेवारी

किरकोळ कामे. विजेचे बोर्ड पुरानंतर खिडकीच्या वर घेतले होतेच. ट्यूबलाइट काढून पिवळसर, मंद करता येणारा दिवा भिंतीच्या बाजूला लावला, म्हणजे रात्री पाजताना उजेड बाळाच्या डोळ्यांत जाणार नाही. खिडक्यांना डासांची जाळी बसवली. पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी खादीचा पडदा, एप्रिल-मेमधल्या ४२ अंशांच्या दुपारी डोळ्यांसमोर ठेवून. लेकीची खाट त्याच खोलीत, पाळण्याच्या जागेपासून हात पोचेल इतक्या अंतरावर लावली. बाळाने निदान पहिले सहा महिने आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर निजावे, असा सल्ला आहे.

८ फेब्रुवारी

कासवे, खंड्या आणि उशिरा का होईना, बगळा पूर्ण झाला. छताच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पारंब्या अर्धवट आहेत. धाकटीची परीक्षा जवळ आल्याने त्या तशाच राहतील.

मगरीच्या शेपटीखाली, जमिनीलगत, तळहाताएवढ्या जागेत लोणा पुन्हा दिसला. अपेक्षित होतेच, विटांतले सगळे क्षार एका हिवाळ्यात निघत नाहीत. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी टिपून घेतली आणि तेवढ्या भागावर निवळीचा पातळ हात देऊन शेपटीचे टोक पुन्हा रंगवले. दरवर्षी दिवाळीआधी तळाच्या पट्ट्याला असाच एक हात द्यावा लागेल. उरलेला चुना झाकण लावून पाण्याखाली ठेवला आहे आणि पिंपावर तारीख घातली आहे.